मनगटावरची थाप

सूर्यभान जेवता जेवता थांबायचा. उजव्या हातात घास तसाच, आणि नजर डाव्या मनगटावर. तिथे काही नसायचं. माशी नाही, जखम नाही, दोरा नाही. जरा वेळ पाहायचा, मग घास तोंडात घालायचा. प्रेसच्या आवारात आम्ही एका कडुनिंबाखाली शिदोरी सोडत असू, त्यामुळे हे मला रोज दिसायचं. नवीन माणूस शेजारी बसला की विचारायचा, "काय झालं बे, मुंगी चावली का?"

"नाई," सूर्यभान म्हणायचा. तेवढंच.

त्याला काय होत होतं ते मला उशिरा कळलं. ते सांगायचं तर आधी आमचं काम आणि आमचा आखाडा सांगावा लागेल.

माझं नाव खुशालराव. अकोल्याच्या एका कापूस-प्रेसमध्ये मी उभी हयात हमाल होतो. सरकी काढायच्या जिनातून रुई यायची, प्रेसमध्ये दाबून तिच्या गाठी व्हायच्या, लोखंडी पट्ट्यांनी आवळल्या जायच्या, आणि त्या आम्ही गोदामात रचायचो. एक गाठ जवळपास पाच मणांची. ती पाठीनं हलवायला गेलेला माणूस एका हंगामात वाकतो. गाठ मांडीनं हलवायची असते. पाठ नुसती सोबतीला. सूर्यभान हिवरखेडहून आला तेव्हा त्याला हे माहीत नव्हतं. घरची काळी जमीन दोघे थोरले भाऊ करत होते, तिसऱ्याच्या वाट्याला काम उरत नव्हतं, म्हणून आई पार्वताबाईनं त्याला शहरात धाडलं. अंगात ताकद भरपूर. पण ताकद असणं आणि ती कुठे लावायची हे कळणं, यात पुष्कळ अंतर असतं. पहिल्या दिवशी त्यानं गाठीला मिठी मारली. मी म्हटलं, "लग्न लावतं का तिच्याशी?" तो हसला आणि दुसऱ्या खेपेला गुडघे वाकवून खाली बसला. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगावं लागलं नाही. मला असा माणूस आवडतो.

मीच त्याला नत्थुजींच्या आखाड्यात नेलं. नत्थुजी आमचे वस्ताद. एक गुडघा कायमचा ताठ झालेला, हातात वेताची छडी. ती मारायला नव्हती, चूक कुठे झाली ते दाखवायला होती. ते जुन्या तालमीतले. नुसतं चितपट करणं शिकवत नसत, बंदही शिकवत. हात, मान, गुडघा असा अडकवायचा की समोरच्याला जागचं हलता येऊ नये. बंद नीट लागला आणि वेळेवर सुटला नाही तर हाड जातं. म्हणून आखाड्याचा पहिला नियम थापेचा होता. अडकलेल्यानं जोडीदाराच्या अंगावर कुठेही दोनदा थाप द्यायची, की त्याच क्षणी सोडायचं. विचारायचं नाही, आणखी एकदा आवळून पाहायचं नाही. थाप पडूनही न सोडणाऱ्याला शिक्षा होती. सगळा आखाडा एकट्यानं खोदून माती भुसभुशीत करून द्यायची. एरवी ते काम आम्ही सगळे मिळून करायचो, तरी कंबर धरायची.

दुसरा नियम सराव संपल्यावरचा. आंघोळीआधी, अंगावर माती तशीच ठेवून, सगळ्यांनी आखाड्याच्या काठावर बसायचं. वस्ताद एकेकाला विचारायचे. त्या दिवसाचं आपलं कच्चं काय ते ज्याचं त्यानं स्वतः सांगायचं. पक्कं मात्र जोडीदारानं सांगायचं. स्वतःचं पक्कं स्वतः बोललं तर छडी पोटरीला टेकायची. आणि जोडीदार नुसता "चांगला खेळला" असं म्हणाला तर त्यालाही. काय चांगलं, ते नेमकं सांगावं लागे. मी पुढे अनेक ठिकाणी माणसं काम करताना पाहिली. इतका अवघड प्रश्न कुठे विचारलेला ऐकला नाही.

सूर्यभानचा जोडीदार ओमप्रकाश. त्यांचं घर परदेशी, म्हणजे मूळ उत्तरेकडचं, पण तीन पिढ्या अकोल्यातच गेलेल्या. बाप नव्हता. आई दुर्गाबाई भट्टीवर फुटाणे-लाह्या भाजायची. आखाड्याला नागपंचमीच्या लाह्या तिच्याच भट्टीवरून यायच्या. ओमप्रकाश आमच्याबरोबर प्रेसमध्येच होता. अंगानं तुराटी, हातपाय लांब, आणि तोंड बंद म्हणून नाही. सूर्यभान त्याच्या उलट. दोघांची जोडी नत्थुजींनी मुद्दाम लावली होती. डोळ्यांवर शेला बांधून, एकमेकांचं मनगट धरून दोघांना मातीत बसवायचे. समोरचा कुठे सरकणार ते हातातून ओळखायचं. सूर्यभान ओमप्रकाशचा श्वाससुद्धा मनगटावरून ओळखायचा.

"ओम्या, कच्चं सांग," वस्ताद विचारायचे.

"वस्ताद, माहं तोंड. डाव टाकाच्या आधीच ते सांगून टाकते."

"सूर्यभान?"

"माहा डावा पाय मागं राह्यते."

"याचं पक्कं काय रे, ओम्या?"

"पकड, वस्ताद. याच्या हातात मनगट गेलं म्हंजे ते इसरून जाचं. घरी मायले सांगाचं, एक हात सूर्यभानकडं ठेवून आलो."

सगळे हसायचे. सूर्यभान मान खाली घालायचा, पण त्याचे कान लाल व्हायचे. दिवसभर गाठी ओढताना तो खुशीत असायचा.

अठ्ठावन्न सालच्या हंगामात कापूस फार आला. गोदाम भरलं, तरी गाठी येत राहिल्या. थप्पी नेहमीपेक्षा उंच गेली. खालची फरशी एका बाजूला उतरती होती, आणि उतरत्या फरशीवर रचायचं तर खालच्या थराला पाचर लागते. त्या दिवशी पाचर कोणी घातली नव्हती, हे आम्हाला नंतर दिसलं. दुपारची वेळ. ओमप्रकाश खाली लोखंडी आकडा लावून एक गाठ ओढत होता आणि तोंडानं वरच्या माणसाशी भांडत होता. थप्पी हलली. रुईची गाठ पडते तेव्हा मोठा आवाज होत नाही. धप्प होतं, आणि लगेच सगळं गप्प होतं. त्याचं बोलणं मध्येच थांबलं, त्यावरून आम्हाला कळलं.

दोन गाठींच्या फटीत, आत, त्याचा एक हात दिसत होता. सूर्यभाननं पालथं पडून खांद्यापर्यंत डावा हात आत घातला आणि ते मनगट धरलं. ओमप्रकाशनंही त्याचं धरलं. सूर्यभान ओरडला, "जिता हाये! काढा!"

आम्ही काढायला लागलो. अशा वेळी घाईनं काम होत नाही. चुकीची गाठ ओढली तर बाकीच्या बसतात. वरचा एक थर अजून झुकून राहिला होता, सूर्यभानच्या पाठीच्या वर. कोणीतरी ओरडलं, "सूर्या, सरक! आंगावर येते!" तो सरकला नाही. मी त्याचे पाय धरून ओढायला गेलो, तर त्यानं लाथ मारली.

थर पडला नाही. आम्ही ओमप्रकाशला बाहेर काढलं तेव्हा तो गेलेला होता. एकमेकांचे हात तसेच होते. बोटं एकेक करून उघडावी लागली. ओमप्रकाशची नाही, सूर्यभानची.

तेरावं झाल्यावर आम्ही दोघं दुर्गाबाईकडे गेलो. भट्टी थंड होती. ती भट्टीच्या कट्ट्यावर बसली होती. तिच्या हातांवर तापलेल्या वाळूचे जुने डाग होते, त्यांच्याकडे पाहत तिनं विचारलं, "सूर्या, तू हात धरून होता म्हंतात."

"हो, मावशी."

"मंग तुले ठावं असीन. कसा गेला माहा लेक? तडफडत गेला का?"

सूर्यभाननं तोंड उघडलं. ती वाट पाहत राहिली. तो उठला, चपला विसरून रस्त्यावर गेला. चपला मी नेऊन दिल्या. त्यानंतर तो त्या गल्लीतून कधी गेला नाही. बाजाराला जायचं असलं तर लांबच्या रस्त्यानं जायचा.

आखाड्यात सूर्यभानची जोडी माझ्याकडे आली. पहिल्याच सकाळी मला फरक जाणवला. त्याचा बंद पूर्वीसारखाच लागायचा, पण लागला की लगेच सुटायचा. मी थाप द्यायच्या आधी. मी अजून निवांत श्वास घेत असे, आणि हा बाजूला होऊन उभा. वस्तादांची छडी त्याच्या हाताला लागायची. "थाप कोठी पडली? काहून सोडलं?"

काठावर बसल्यावर वस्तादांनी विचारलं, "सूर्यभान, कच्चं?"

"थाप समजत नाई," तो म्हणाला.

दोघेतिघे हसले. डोळे बांधून श्वास ओळखणारा माणूस हे म्हणतो, म्हणजे थट्टाच करतो, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यानं तेच सांगितलं. मग रोज तेच. हसणं बंद झालं.

त्याचं पक्कं सांगायची पाळी माझी होती. मी म्हटलं, "पकड." तो शब्द ऐकला आणि तो उठून गेला. माती न धुता तसाच कामावर आला. मला वाटलं, ओमप्रकाशची आठवण आली असेल, येणारच. मी दुसऱ्या दिवशीही "पकड"च म्हटलं, कारण दुसरं काही मला दिसत नव्हतं. तो पुन्हा उठला. वस्ताद माझ्याकडे वळले. "खुशाल्या, तू मेलेल्याचं उत्तर देऊन राहिला. तुले काय दिसते ते सांग."

मला काही दिसत नव्हतं. कित्येक दिवस मी "सांगता येत नाही" असं म्हणून छडी पोटरीला टेकवून घेतली.

पुढल्या वर्षी बाळापूरला कुस्त्या होत्या. सूर्यभानसमोर तिकडचाच एक जवान होता. सूर्यभाननं त्याला खाली घेतलं, हात मागे नेला, बंद लावला. कुस्ती संपल्यातच जमा होती. त्या जवानानं सुटायची धडपड करताना सूर्यभानच्या मनगटावर हात टाकला. नुसता टाकला. सूर्यभाननं चटका बसल्यासारखा बंद सोडला आणि उभा राहिला. मैदानातल्या लोकांना काय झालं ते कळेना. "अबे, भूत पाह्यलं का?" एक जण ओरडला. तेवढ्यात त्या जवानानं त्याचे पाय ओढले आणि त्याला चीत केलं.

परतताना मोटार-अड्ड्यावर त्यानं मला विचारलं, "त्यानं थाप दिली ना?"

"नाई."

"देल्ली. दोनदा. मले लागली."

"मी अगदी जोळून पाह्यत होतो, सूर्या. नाई देल्ली."

तो मनगटाकडे पाहत राहिला. मग मला पहिल्यांदा ध्यानात आलं, की जेवताना तो असंच पाहतो.

काही महिन्यांत तो अकोला सोडून गेला. अमरावतीच्या एका प्रेसमध्ये काम धरलं आणि वलगावला एका नातेवाइकाकडे राहायला लागला. रोज सायकलनं जाऊन येऊन करायचा. कोणाला पत्ता सांगितला नव्हता. पण हमालाला हमाल शोधून काढतो. गाठीच्या ट्रकवरच्या माणसांकडून मला कळत राहिलं. तिथे त्याला तालमीत बोलावलं, तो गेला नाही. गाठी मात्र दोघांच्या वाट्याच्या एकटा रचतो. आणि खालच्या थराला पाचर घातल्याशिवाय कोणाला वर चढू देत नाही. त्यापायी मुकादमाशी दोनदा भांडला.

वस्ताद थकले होते. त्यांनी मला धाडलं. "त्याले म्हनाव, नागपंचमीले ये. कच्चं रोज सांगून गेला, पण खरं सांगतलं नाई."

मी अमरावतीला गेलो. दुपारच्या सुट्टीत तो भिंतीच्या सावलीला बसला होता. मला पाहून त्यानं भाकरीचा अर्धा तुकडा पुढे केला. आम्ही जेवायला लागलो. मधेच त्याचा घास थांबला.

"आत्ता लागली का?" मी विचारलं.

तो दचकला नाही. "हो."

"कोनाची?"

"तुले मालूम हाये कोनाची."

मग त्यानं सांगितलं. तुकड्या-तुकड्यानं, भिंतीकडे तोंड करून. "मी पालथा होतो. त्यानं माहं मनगट घट्ट धरलं होतं. तुमी गाठी काढून राहिले होते. कोनतरी वरडलं ना, सूर्या सरक म्हनून? तवा त्यानं थाप देल्ली. बोटांनी. दोन. आखाड्यात देते तशी."

"मंग?"

"मंग मी अजून आवळलं."

जिनाचा आवाज चालू होता. तो म्हणाला, "खुशाल, सोड म्हंजे काय सोड? तू निंग, आंगावर येते, असं म्हने का? का, हात दुखून राहिला, सोड? का जीव जातानी बोटं आपोआप हालली? मी त्याचा श्वास हातातून वयखत होतो बावा. अन् तो कवा गेला हे मले समजलं नाई. थापेच्या आधी का मंग, तेही नाई. मावशीले काय सांगू? तिनं तं एकच विचारलं होतं."

मी हमाल माणूस. मला जेवढं सुचलं तेवढं म्हटलं. "जे हाताले लागलं ते सांग. मतलब तिचा ती लावीन. तू काहून लावतं?"

"अन् ती म्हनली, की पोरानं सोड म्हटलं तं सोडलं काहून नाई?"

"मंग तेही आयक."

त्या नागपंचमीला तो आला नाही. त्याच्या पुढल्या नागपंचमीला आला. सकाळी आखाड्याच्या फाटकात सायकल उभी दिसली, आणि तो आत येऊन आखाड्यातल्या लिंबाखाली उभा. वस्तादांना खुर्चीवर बसवून आणलं होतं. त्यांनी मान हलवली, बस.

दुर्गाबाईला निरोप मीच दिला होता. ओमप्रकाश गेल्यावरही लाह्या तिच्याकडूनच यायच्या, पण ती पुतणीच्या हाती धाडायची. त्या दिवशी टोपली घेऊन स्वतः आली. बाया मातीवर पाय ठेवत नाहीत, म्हणून फाटकाशी उभी राहिली. वस्ताद म्हणाले, "जाय, सूर्यभान."

तो गेला. आम्ही सगळे काठावर होतो. सगळ्यांना ऐकू येत होतं.

"मावशी, तुमी विचारलं होतं."

"हो. लई वर्स लागले तुले." तिनं टोपली खाली ठेवली. "सांग."

"तडफडला का, ते मले नाई सांगता येत. पन त्यानं थाप देल्ली. माह्या मनगटावर. सोड म्हनून."

दुर्गाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. मग आपला हात पुढे केला, डागाडागांचा. "कशी देल्ली? माह्या हातावर दे."

सूर्यभानला हात उचलवेना. पाच मणांची गाठ हलवणारा माणूस, पण तो हात त्याच्यानं उचलवेना. तिनं स्वतःच त्याचं मनगट धरलं, जसं ओमप्रकाशनं धरलं असेल तसं, आणि आपलं त्याच्या पंजात दिलं. "दे."

त्यानं दिली. बोटांनी, दोनदा.

तिनं डोळे मिटले होते. "अजून एकदा."

त्यानं पुन्हा दिली.

"इतलीच हळू?"

"इतलीच."

"घाई नोती?"

"नोती, मावशी."

तिनं डोळे उघडले. मग हात सोडला. "मले सपनात तो हातपाय झाडतानी दिसे. भट्टीतल्या लाहीवानी." तिनं पदरानं तोंड पुसलं आणि आवाज बदलून विचारलं, "मंग? त्यानं सोड म्हटल्यावर तू सोडलं?"

"नाई."

"काहून?"

"सोडवलं नाई."

ती वस्तादांकडे वळली. "वस्ताद, ओम्या घरी सांगे, थाप पडल्यावर जो सोडत नाई त्याले तुमी शिक्षा देता."

"हो, बाई."

"याले देल्ली का?"

आम्हा कोणाच्या डोक्यात हे कधी आलं नव्हतं. वस्तादांच्याही आलं नसावं. ते म्हणाले, "नाई देल्ली."

"मंग द्या. माह्या पोराची थाप होती ते. तिची किंमत नाई का?"

वस्तादांनी छडी मातीकडे केली. "आखाडा खोदाचा. एकट्यानं. पन आज नागपंचमी हाये बाई, आज माती खोदत नाईत."

"मंग उद्या," दुर्गाबाई म्हणाली. "मी येतो उद्या."

दुसऱ्या दिवशी ती खरंच आली. फाटकाशी पोतं टाकून बसली. सूर्यभाननं लंगोट कसला, कुदळ घेतली. पावसानं माती दगडासारखी बसली होती. वर ओल, खाली ढेकळं. मदतीला जायचं नाही, हा नियमच होता, म्हणून आम्ही काठावर बसून पाहत राहिलो. मला काम पाहता येतं. सुरुवातीला तो रागानं खोदत होता, कुदळ फार वर नेत होता. असं खोदणारा लवकर दमतो. मग त्याचा हात खाली आला आणि घाव सारखे पडायला लागले. कोपरभर खोल, एका ओळीत. खोदून झालं की गुडघ्यावर बसून ढेकळं हातानं फोडायची, खडे वेचून बाहेर टाकायचे. त्याच्या तळहातांची सालं निघाली. ती पकडीची जागा. ऊन चढलं. कोणीतरी दुर्गाबाईला चहा दिला. तिनं घेतला नाही. एकदाच बोलली.

"तो कोपरा राह्यला."

त्यानं पाहिलं. राहिला होता खरा. तो गेला आणि कोपरा खोदला. जरा वेळानं ती म्हणाली, "तिकडचाही." मग आमच्यातल्या एकाला हसू आवरलं नाही. आणि मी सूर्यभानकडे पाहिलं, तर त्याच्याही तोंडावर काहीतरी हललं होतं.

तेल आणि ताक घालून माती कालवून झाली तेव्हा दुपार कलली होती. दुर्गाबाई उठली. काठापर्यंत आली, आत पाय ठेवला नाही. वाकून मूठभर माती घेतली आणि बोटांत चोळून पाहिली, जशी ती भट्टीची वाळू पाहत असेल.

"बारीक झाली," ती म्हणाली, आणि पोतं झटकून घरी गेली.

सूर्यभाननं अमरावतीचं काम सोडलं आणि परत आमच्या प्रेसमध्ये आला. हातांच्या जखमा भरून आल्या तेव्हा त्या मातीत आमची जोडी पुन्हा लागली. वस्ताद खुर्चीवर होते. मी मनाशी ठरवलं होतं, की उगाच लवकर थाप द्यायची नाही आणि उगाच दम धरायचाही नाही. दोन्ही खोटं असतं. त्यानं मला खाली घेतलं, मान आणि हात एकत्र अडकवले. बंद लागला. मी वाट पाहिली. आता सोडेल, आता सोडेल असं वाटत होतं. सोडला नाही. डोळ्यांपुढे काळं यायला लागलं, खांद्यातून कळ निघाली. जेवढं सोसायचं तेवढं सोसलं आणि मग थाप दिली. कुठे, ते मी पाहिलं नव्हतं. ती त्याच्या डाव्या मनगटावर पडली.

त्याचं सगळं अंग क्षणभर ताठ झालेलं मला पाठीवर कळलं. मग त्यानं सोडलं. थापेच्या आधी नाही, आणि नंतर रेंगाळूनही नाही.

काठावर बसलो. अंगावर माती होती. वस्तादांनी विचारलं, "सूर्यभान, कच्चं?"

तो विचार करत होता. "माहा डावा पाय मागं राह्यते," तो म्हणाला.

कोणी हसलं नाही. वस्तादांनी छडी माझ्याकडे केली. "अन् पक्कं? नीट पाह्यलं असशीन तं सांग."

या वेळी मला शोधावं लागलं नाही. मी म्हटलं, "थाप येईस्तोर धरून राह्यते, वस्ताद."

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. मला भीती होती, की तो उठून जाईल. तो बसून होता. मांडीवरची माती नखानं खरवडत होता. वस्ताद पुढच्याकडे वळले. त्यांनी माझ्या पोटरीला छडी टेकवली नाही.

त्याच हिवाळ्यात नत्थुजी गेले. मागून आखाडा सूर्यभाननं सांभाळला. आपलं कच्चं तोच आधी सांगायचा, मग इतरांना विचारायचा. बाळापूरच्या मैदानात तो पुन्हा कधी उतरला नाही. पोरं नेऊन उतरवायचा.

थाप थांबली का, हे मी त्याला विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. कडुनिंबाखाली आम्ही पूर्वीसारखेच जेवत होतो, आणि त्याचा घास अजून मधेच थांबत होता. पाहणं मात्र तेवढं लांबत नसे. हंगामाला नवीन आलेला एक जण एकदा त्याच्या शेजारी बसला. त्यानं विचारलं, "काय झालं, भाऊ? मुंगी चावली का?"

"नाई," सूर्यभान म्हणाला. मग भाकरी मोडता मोडता पुढे बोलला, "जोडीदार हाये."

नवा माणूस इकडेतिकडे पाहायला लागला. सूर्यभाननं त्याच्यापुढे कांदा सरकवला.